अंतर जमिनीवरचं, प्रवास हवेतला

ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियानं आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को या थेट विमानाची वाट बदलली. तोवर हे विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघायचं आणि युरोप, अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पोचायचं. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. नव्या वाटेनं ते नेमकं उलट दिशेला, पूर्वेकडे उडालं आणि प्रशांत महासागरावरून गेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा १,४०० किलोमीटरनं लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा जवळपास दोन तास लवकर.

हे दोन तास वाऱ्यानं वाचवले. पश्चिमेकडे जाताना तो समोरून येतो, पूर्वेकडे जाताना पाठीमागून. थोडा हिशोब करून पाहू. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. आजचं कुठलंच प्रवासी विमान स्वतःच्या बळावर एवढ्या वेगानं उडत नाही. त्याचा स्वतःचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. उरलेले दीडशे किलोमीटर वाऱ्याचे. आता ताशी ९०० प्रमाणे साडेचौदा तासांत या विमानानं हवेतून किती अंतर कापलं? १३,००० किलोमीटरच्या थोडं वर. जुन्या वाटेला सुमारे साडेसोळा तास लागत, म्हणजे तिचं हवेतलं अंतर १४,८०० किलोमीटरच्या पुढे जातं. जमिनीवर मोजली तर नवी वाट लांबची, हवेत मोजली तर तीच जवळची. दूरच्या दोन शहरांमधल्या विमानप्रवासाबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: अंतराचे आकडे आपण जमिनीवर मोजतो, पण विमानाला कापावं लागतं ते हवेतलं अंतर, आणि ते रोज बदलतं.

तरी सुरुवात जमिनीवरच्या अंतरापासूनच करायला हवी, कारण तिथेही डोळ्यांची फसगत होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात बीजिंग आणि न्यूयॉर्क शोधा. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ४० अंश उत्तरेच्या आसपास. पट्टी धरून रेघ ओढली तर ती प्रशांत महासागरावरून सरळ आडवी जाते. या रेघेवरून खरोखरच उडायचं ठरवलं तर १४,००० किलोमीटरहून जास्त अंतर पडेल. पृथ्वीगोलावर मात्र या दोन शहरांमधलं कमीत कमी अंतर सुमारे ११,००० किलोमीटर आहे. ती वाट बीजिंगहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघते, ८४ अंश अक्षांशापर्यंत चढते आणि मग अमेरिकेकडे उतरते. उत्तर ध्रुव तिच्यापासून सातशे किलोमीटरच्या आत राहतो. न्यूयॉर्क बीजिंगच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला, यावर वाद घालण्यापेक्षा ते उत्तरेला आहे असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

नकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या डोळ्यांना सवय आहे तो नकाशा गेरार्डस मर्केटरनं १५६९ साली तयार केला, आणि तो खलाशांसाठी होता. होकायंत्रावरची एकच दिशा धरून चालत राहिलं तर होणारी वाट कागदावर सरळ रेघ दिसावी, ही त्यांची गरज होती आणि मर्केटरनं ती उत्तम भागवली. त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश ताणावा लागला. म्हणूनच या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना काहीतरी बिघडणारच. मर्केटरनं दिशा जपली आणि अंतर सोडून दिलं.

गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट बृहद्‌वृत्तावरून जाते. ज्या वर्तुळाचं केंद्र आणि पृथ्वीचं केंद्र एकच असतं, ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे, पण ४० अंशाचं अक्षवृत्त नाही. पृथ्वीगोल हाताशी असेल तर दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरून दोरा घट्ट ताणा. तो आपोआप सरकत बृहद्‌वृत्तावर जाऊन बसतो. हा प्रयोग मुलांबरोबर जरूर करावा. दोरा ध्रुवाकडे सरकताना हाताला जाणवतो, आणि नंतर विमानातल्या पडद्यावर वाकडी दिसणारी वाट वाकडी वाटेनाशी होते.

आकड्यांत उत्तर हवं असेल तर दोन्ही शहरांचे अक्षांश आणि रेखांश पुरतात. त्यांवरून त्रिकोणमितीनं पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा. बीजिंग आणि न्यूयॉर्कच्या बाबतीत तो सुमारे ९८.७ अंश येतो. पृष्ठभागावर एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की १०,९८०च्या आसपासचा आकडा मिळतो. याच अंशाचा साठावा भाग म्हणजे नॉटिकल मैल, १,८५२ मीटरचा. विमानवाहतुकीत आजही अंतर नॉटिकल मैलांत मोजतात, कारण एक मैल म्हणजे कोनाचं एक मिनिट हा हिशोब अतिशय सोयीचा आहे.

बारकाईनं पाहायचं तर पृथ्वी पुरती गोल नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांशी ६,३५७. ती गोल धरली तर अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते, म्हणजे पंधरा हजार किलोमीटरमागे पंचाहत्तर किलोमीटरपर्यंत. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत हा चपटेपणा धरून चालते आणि मिलिमीटरपर्यंत नेमकं उत्तर देते. आणखी एक शंका नेहमी निघते: विमान दहा-अकरा किलोमीटर उंचावरून जातं, तेव्हा वर्तुळ मोठं होऊन अंतर वाढत नाही का? वाढतं, पण नगण्य. अकरा किलोमीटर उंची म्हणजे त्रिज्येत अवघी ०.१७ टक्के भर. पंधरा हजार किलोमीटरच्या प्रवासात त्यामुळे सव्वीस किलोमीटर वाढतात, दोन मिनिटांचाही उशीर होत नाही.

मग एवढ्या उंचावर जायचं कशासाठी? तिथली हवा विरळ असते म्हणून. अकरा किलोमीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीस टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. विरळ हवेत विमानाला होणारा रोध कमी, त्यामुळे तेवढ्याच इंधनात ते जास्त वेगानं जास्त दूर जातं. पण वेगालाही एक भिंत आहे, ती आवाजाच्या वेगाची. जमिनीलगत १५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. वर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं, आणि थंड हवेत आवाज मंदावतो. तिथे तो ताशी साधारण १,०६० किलोमीटर असतो. विमान या वेगाच्या जवळ जाऊ लागलं की पंखांवरून वाहणाऱ्या हवेत आघात-तरंग तयार होतात आणि रोध एकदम वाढतो. म्हणून लांब पल्ल्याची विमानं आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास थांबतात. वैमानिक याला माक ०.८५ म्हणतात. हा वेग गेल्या पन्नास वर्षांत जवळपास बदललेला नाही. इंजिनं शांत झाली, इंधन कमी लागू लागलं, पंखांची घडण सुधारली. वेग मात्र जिथल्या तिथे आहे.

ठळक अपवाद काँकॉर्डचा. प्रवासी सेवेत ते १९७६ ते २००३ या काळात होतं आणि आवाजाच्या दुप्पट वेगानं उडायचं. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यानं न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. प्रवासी विमानाचा हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण त्याची इंधनाची भूक अफाट होती, आणि स्फोटासारख्या आवाजामुळे जमिनीवरून त्या वेगानं उडायला त्याला मनाई होती.

आता वाऱ्याकडे येऊ. नदीत पोहणारा माणूस कितीही जोरानं हात मारत असला तरी काठावरून पाहणाऱ्याला त्याचा वेग प्रवाहासकट दिसतो. विमानाचंही तसंच. हवेच्या तुलनेत त्याचा जो वेग तो एअरस्पीड, जमिनीच्या तुलनेत जो वेग तो ग्राउंड स्पीड. पंखांना फक्त पहिला कळतो, घड्याळाला फक्त दुसरा.

समजा दोन शहरांत ५,६०० किलोमीटर अंतर आहे, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १००. पाठीवर वारा घेऊन जाताना जमिनीवरचा वेग १,००० होतो आणि ५ तास ३६ मिनिटांत विमान पोचतं. परतताना तोच वारा समोरून येतो, वेग ८०० होतो आणि बरोबर ७ तास लागतात. दोन्ही मिळून १२ तास ३६ मिनिटं. वारा मुळीच नसता तर जाऊन येऊन १२ तास २७ मिनिटांत झालं असतं. जाताना मिळालेला फायदा येताना पुरता फिटायला हवा, असं मनाला वाटतं. तो फिटत नाही, उलट नऊ मिनिटांचं देणं उरतं. कारण साधं आहे. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, पाठीमागच्या वाऱ्यात कमी वेळ. वारा जितका जोराचा, तितका हा तोटा झपाट्यानं वाढतो. वाऱ्याचा वेग विमानाइतकाच झाला तर परतीचा प्रवास संपणारच नाही.

प्रवाशांच्या रोजच्या अनुभवातला फरक नेमका इथून येतो. लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण साडेसात-आठ तास लागतात, यायला साडेसहा-सात. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानसुद्धा आधीपासून त्याच वेगानं पूर्वेकडे जात असतं. हवेत गेल्यावर तो वेग गळून पडत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो खरा, पण आडवळणानं, वाऱ्यामार्फत.

विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि फुगलेली, ध्रुवांकडची थंड आणि आकसलेली. त्यामुळे वरच्या थरांत उष्ण भागाकडे दाब जास्त राहतो आणि हवा ध्रुवांकडे निघू पाहते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यानं ती वाटेत वळते. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, पूर्वेकडे. जिथे थोड्या अंतरात तापमान झपाट्यानं बदलतं, तिथे हा वारा एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. हाच जेट स्ट्रीम. तो नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथे उडतात नेमकं तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातली तफावत वाढते, म्हणून तो जोर धरतो. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग त्याला नवीन नाही, कधीकधी तो याच्या दुपटीपर्यंत जातो.

या वाऱ्याचा शोध ज्यानं लावला त्याच्या वाट्याला फार थोडं श्रेय आलं, याची मला मनापासून हळहळ वाटते. वासाबुरो ओइशी हे जपानमधल्या तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख. १९२०च्या दशकात ते हवेत फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेत. हिवाळ्यात हे फुगे वर गेले की पूर्वेकडे कल्पनेपलीकडच्या वेगानं वाहून जात. नोंदी चोख होत्या, निष्कर्ष बरोबर होते. जगभरच्या शास्त्रज्ञांना वाचता यावं म्हणून ओइशींनी १९२६चा आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि तो जवळपास कोणीच वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमानं जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा अनपेक्षितपणे भेटला. जपानला तो माहीत होता. त्याच वाऱ्यावर सोडून त्यांनी १९४४-४५च्या हिवाळ्यात नऊ हजारांहून अधिक बाँबवाहू फुगे प्रशांत महासागरापलीकडे अमेरिकेच्या दिशेनं पाठवले.

जेट स्ट्रीमची ताकद पाहायची तर फेब्रुवारी २०२०मधली एक रात्र पुरेशी आहे. अटलांटिकवर सिआरा नावाचं वादळ घोंघावत होतं आणि जेट स्ट्रीमला उधाण आलं होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. वाटेत त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. आकडा आवाजाच्या वेगापेक्षा मोठा, तरी विमानानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालच्या हवेत ते नेहमीसारखंच उडत होतं. आत बसलेल्या प्रवाशांना हवेचे हादरे तेवढे जाणवले असतील, वेग जाणवायचं कारण नव्हतं.

म्हणून लांब पल्ल्याच्या विमानाची वाट आदल्या आठवड्यात ठरत नाही. उड्डाणाच्या काही तास आधी विमान कंपनीतला डिस्पॅचर वेगवेगळ्या उंचींवरच्या वाऱ्याचा ताजा अंदाज घेतो, संगणक असंख्य वाटा तपासतो आणि त्या दिवसापुरती सर्वांत स्वस्त वाट फ्लाइट प्लॅनमध्ये उतरते. पाठीवर जेट स्ट्रीम घ्यायचा असेल तर तो असेल तिथे वळसा घालून जायचं, आणि समोरून येत असेल तर त्याला टाळून वरून किंवा खालून जायचं. उत्तर अटलांटिकवर तर हे काम सामुदायिक चालतं. आयर्लंड-ब्रिटनकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं दिवसातून दोनदा नवे ट्रॅक, म्हणजे विमानांच्या ठरलेल्या वाटा, जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी. आज विमान आइसलँडच्या जवळून गेलं आणि उद्या तेच विमान कितीतरी दक्षिणेकडून गेलं, तर त्यात नवल नाही.

वाऱ्याखेरीजही अडथळे असतात. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ते ठरावीक वेळेत कुठल्या तरी विमानतळावर पोचलं पाहिजे, असा नियम आहे. १९५३ साली अमेरिकेत ही मर्यादा साठ मिनिटांची होती, त्यामुळे दोन इंजिनांच्या विमानांना महासागर जवळपास बंदच होते. १९८५मध्ये ती १२० मिनिटांवर आली, पुढे १८० झाली; आज एअरबस ए-३५०ला ३७० मिनिटांपर्यंत मुभा मिळू शकते. नकाशावरची वाट सरळ होण्यामागे इंजिनांच्या भरवशाची ही हळूहळू कमावलेली पुण्याई आहे.

हवाई हद्दीचा प्रश्न वेगळाच. फेब्रुवारी २०२२नंतर रशियानं आपलं आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद केलं, आणि हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं आहेत तिथेच आहेत. फिनलँडच्या विमानांना मात्र कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी रशियाच्या दक्षिणेकडून वळसा घालून टोकियो गाठावं लागतं.

ध्रुवावरची वाट जवळची असली तरी सोपी नसते. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र भरकटतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सनं नोव्हेंबर १९५४मध्ये कोपनहेगन ते लॉस एंजेलिस ही आर्क्टिकवरून जाणारी पहिली नियमित सेवा सुरू केली, तेव्हा दिशा ठरवण्याची निराळी पद्धत वापरावी लागली होती. आता उपग्रह आहेत, पण विषुववृत्तावर स्थिर राहणारे दळणवळण उपग्रह ८२ अंशांच्या वर साधारणपणे दिसतच नाहीत, आणि तिथे उपयोगी पडणारा रेडिओ सौरवादळात खरखरतो. इंधनावरही नजर ठेवावी लागते. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांपर्यंत प्रवाही राहतं आणि ध्रुवाकडची हवा त्याहून थंड असू शकते. पंखातल्या टाकीतलं तापमान उतरू लागलं तर वैमानिक विमान खालच्या उबदार थरात आणतो किंवा वेग थोडा वाढवतो, म्हणजे घर्षणानं पंख किंचित तापतात. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांच्या चमूनं सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरू हे विमान ध्रुवाकडच्या वाटेनं आणलं. सुमारे सतरा तास डोळ्यांत तेल घालून हे सगळं सांभाळायचं, हे काम खरोखर मोठं आहे.

तिकिटावर छापलेली वेळ हवेतली नसते. विमानाच्या चाकांपुढचे अडसर, म्हणजे चॉक्स, काढल्यापासून दुसऱ्या टोकाला ते पुन्हा लावेपर्यंतचा हा ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या सगळं येतं. घरबसल्या अंदाज बांधायचा असेल तर बृहद्‌वृत्तावरच्या अंतराला ८५०नं भागा आणि अर्धा तास मिळवा. लंडन–न्यूयॉर्कच्या साडेपाच हजार किलोमीटरना सात तास येतात, जाण्यायेण्याच्या वेळांच्या मधोमध. घड्याळातली वेळ हा मात्र निव्वळ रेखांशांचा खेळ, पंधरा अंशांना एक तास. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान बारा तासांनी लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी उतरतं, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते.

एका दमात किती दूर जाता येईल याचं उत्तर इंधनात आहे, आणि लांबच्या प्रवासात बरंचसं इंधन इंधनच वाहून नेण्यात जळतं. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातलं पर्थ आणि श्रीलंका यांच्यामध्ये कॅटलिना जातीची समुद्री विमानं उडत. अंतर सुमारे ५,६०० किलोमीटर, वेळ २७ ते ३३ तास. इंधनच इतकं भरावं लागे की प्रवासी जेमतेम तीन नेता येत. या प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत. डिसेंबर १९४७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं सिडनी–लंडन सेवा सुरू केली तेव्हा सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो असे थांबे घेत चार दिवस लागले होते. मार्च २०१८पासून पर्थहून लंडनला विमान न थांबता साधारण सतरा तासांत जातं. आणि नोव्हेंबर २०१९मध्ये थोडे लोक घेऊन चाचणीसाठी उडवलेलं एक बोइंग ७८७ लंडनहून थेट सिडनीला १९ तास १९ मिनिटांत पोचलं. पूर्ण प्रवासी घेऊन हे अंतर रोज कापता यावं म्हणून ए-३५०ची खास आवृत्ती तयार होते आहे, तिच्यात २०,००० लिटरची जादा टाकी असेल.

हवामान बदलाचा धागाही इथे येऊन मिळतो. रीडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स यांनी २०१६ साली गणित मांडलं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम हिवाळ्यात आणखी जोरानं वाहील. पूर्वेकडचा प्रवास थोडा लवकर होईल, पश्चिमेकडचा त्याहून जास्त लांबेल. एका फेरीमागे मिनिटभराची वाढ. वर पाहिलेलं नऊ मिनिटांच्या देण्याचं गणितच हे. एका फेरीला किरकोळ वाटणारं ते मिनिट त्या महासागरावरच्या सगळ्या उड्डाणांना मिळून वर्षाला सुमारे दोन हजार तासांचं होतं, आणि त्या प्रत्येक तासाला इंजिनं आणखी इंधन जाळतील.

आज नियमित चालणारा सर्वांत लांब विनाथांबा प्रवास सिंगापूर आणि न्यूयॉर्क यांच्यातला, १५,३४९ किलोमीटरचा. त्यासाठीच्या ए-३५०मध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं. सगळी टाकी भरली तर त्याचं वजन सुमारे १३० टन होतं, आणि विमानाचं कमाल वजन २८० टन. जागा मात्र फक्त १६१. ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे त्यांच्यामधली सरळ वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. प्रत्यक्षात विमान बहुतेकदा सिंगापूरहून निघताना प्रशांत महासागरावरून पूर्वेकडे जातं, आणि न्यूयॉर्कहून परतताना अटलांटिक आणि युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच जातं. जाऊन येणाऱ्या प्रवाशाची अशी पृथ्वीप्रदक्षिणा होते, दोन्ही वेळा वारा पाठीवर घेऊन.

पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये २०,००० किलोमीटरहून फारसं जास्त अंतर असूच शकत नाही, कारण परीघच ४०,००० किलोमीटरचा आहे. माद्रिद आणि वेलिंग्टन या टोकाच्या फार जवळ आहेत. त्यांच्यात सुमारे १९,८५० किलोमीटर पडतात. आपल्या कच्च्या हिशोबानं हा जवळपास चोवीस तासांचा प्रवास, आणि आजचं कुठलंही विमान तो पूर्ण प्रवासी घेऊन एका दमात करू शकत नाही. दोन ठिकाणं पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध टोकांना असली की त्यांच्यामधली बृहद्‌वृत्तावरची प्रत्येक वाट सारख्याच लांबीची होते. पूर्वेकडे निघा, पश्चिमेकडे निघा किंवा ध्रुवावरून जा, अंतर तेवढंच. अशा दोन शहरांमध्ये कधी थेट विमान उडालं, तर त्याची वाट ठरवताना जमिनीवरच्या अंतराला काहीच सांगता येणार नाही. डिस्पॅचर फक्त वाऱ्याचा नकाशा उघडेल.